आधी तांब्या, मग ब्रश: स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचं तोंड कसं सांभाळायचं

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या कराड-पाटण भागात सासूला आत्याच म्हणतात. वय ८४. सहा वर्षांपूर्वी स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. गावात अजून त्याला म्हातारचळ म्हणतात आणि विषय सोडून देतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं पहिली-दुसरीचे वर्ग घेतले. 'वरून खाली, खालून वर' म्हणत पोरांच्या कितीतरी पिढ्यांना दात घासायला शिकवलं. पण घरातल्या एका माणसाच्या तोंडात मी दीड वर्ष डोकावून पाहिलं नाही. त्याचं काय झालं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं सगळं का सांगतेय ते कळेल.

दोन वर्षांपूर्वीच्या आषाढात आत्या भाकरी बाजूला सारायला लागल्या. दुधात कुस्करलेली चालायची, कोरड्यासाबरोबर नको. मग दुधातलीही नको. घास तोंडाशी नेला की हात झटकायच्या. रात्री उठून बसायच्या, डाव्या गालाला पदर दाबून. डॉक्टरांना दाखवलं. आजार पुढे सरकलाय असं सांगितलं गेलं आणि झोपेची गोळी मिळाली. गोळीनं त्या दिवसभर पेंगायला लागल्या, खाणं आणखी तुटलं. पंधरा दिवसांनी मी त्यांना चूळ भरायला लावत होते, तेव्हा भपकन वास आला. मोबाईलची बॅटरी लावून पाहिलं. वरची कवळी टाळूला चिकटून बसली होती, किती दिवसांत काढली नव्हती कोण जाणे. ती सोडवली तर खाली टाळू लालभडक. आणि खाली डाव्या बाजूला एका दाढेचं नुसतं खुंट उरलेलं, त्याच्या मुळाशी हिरडीवर पुवाचा फोड.

दुखतंय हे सांगायला त्यांच्याकडे शब्दच राहिला नव्हता. दातांच्या डॉक्टरांनी पू काढला, औषध दिलं, नंतर खुंट उपटलं. आठ-दहा दिवसांत आत्या मऊ भाकरी खायला लागल्या, रात्री झोपायला लागल्या. आजार होता तिथेच होता. दाढ दुखत होती.

म्हणून पहिलं काम: आठवड्यातून एकदा तोंड उघडून नीट पाहा. आमच्याकडे रविवारी, डोक्यावरून अंघोळ घालते त्या दिवशी. खुर्चीत बसवा, तोंड उजेडाकडे, वर बॅटरी. कवळी असेल तर आधी काढा. गाल बाजूला करायला स्वतःचं बोट घालू नका, दुसऱ्या एका ब्रशची दांडी वापरा. हिरड्या लाल, सुजलेल्या आहेत का, कुठे टोकदार खुंट जिभेला किंवा गालाला घासतंय का, जिभेखाली आणि गालफडात अन्न साठलंय का, एवढं बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर थांबू नका, दाखवा. तंबाखू, मशेरी, गुटखा यांतलं काही आयुष्यात झालं असेल तर दुपटीने लक्ष ठेवा.

आणि मधल्या दिवसांत माणसाच्या वागण्यावर नजर ठेवा. एका बाजूनेच चावणं, गार-गरम लागलं की दचकणं, गालाला सारखा हात, नेहमीची कवळी अचानक नकोशी, लाळ गळणं, ब्रश दिसला की अंगावर येणं. विसरभोळ्या माणसाचं वागणं एकाएकी बदललं तर आजार वाढला असं धरून चालण्याआधी तोंड बघा. लघवीचा जंतुसंसर्ग आणि बद्धकोष्ठताही बघतातच, त्यात तोंडही धरा.

मध्यंतरी आमच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर 'दोन वेळा दात घासा, अल्झायमर पळवा' असा निरोप फिरत होता. अल्झायमर म्हणजे स्मृतिभ्रंशाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. माझी लेक औषधनिर्माणशास्त्र शिकलेली आहे, तिच्याबरोबर बसून मी हे समजून घेतलं. इतक्या ठामपणे तसं म्हणता येत नाही. २०१९ मध्ये 'सायन्स ॲडव्हान्सेस' या नियतकालिकात एक अभ्यास आला. हिरड्यांच्या आजारातला पोर्फिरोमोनास जिंजिवालिस नावाचा जंतू आणि त्याची विकरं (एन्झाइम) अल्झायमर झालेल्यांच्या मेंदूत सापडली, असं त्यात होतं. मोठी खळबळ झाली. त्या विकरांना रोखणारं औषधही तयार झालं. पण २०२१ मध्ये रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला, तेव्हा एकंदर रुग्णांत स्मृतीची घसरण त्या औषधाने मंदावलेली दिसली नाही. त्याच वर्षी न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी १४ अभ्यास, म्हणजे सुमारे ३४ हजार माणसं, एकत्र तपासली. दात गेलेल्यांमध्ये स्मृतिभ्रंशाची जोखीम १.२८ पट निघाली. मात्र ज्यांनी कवळी बसवून घेतली होती, त्यांच्यात हा फरक ठळक राहिला नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं दिली, त्यांत मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान, कमी ऐकू येणं हे सगळं आहे. हिरड्यांचा आजार त्या यादीत नाही.

माझ्या समजुतीप्रमाणे गाडी दोन्ही बाजूंनी चालते. हिरडी वर्षानुवर्षं सुजलेली राहिली की ती सूज आणि जंतू रक्तात उतरतात. दात गेले की शेंगदाणे, काकडी, भाकरी सुटते आणि माणूस चहा-बिस्किटावर येतो. मधुमेह हिरड्या बिघडवतो, बिघडलेल्या हिरड्या साखर आटोक्यात येऊ देत नाहीत, आणि मधुमेह मेंदूलाही भोवतो. उलट बाजूने, विसरायला लागलेला माणूस दात घासायचं विसरतो. कुठलं आधी हे अजून सुटलेलं नाही. आपल्या देशात साठीपुढच्या शंभरांतल्या सात जणांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना, स्मृतिभ्रंश आहे. त्यांच्या घरच्यांनी या वादाच्या निकालाची वाट बघायची गरज नाही. कारण एका गोष्टीला थोडा पुरावा आधीच आहे. जपानमधल्या ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षं एक प्रयोग झाला, १९९९ मध्ये तो छापून आला. ज्यांचं तोंड सेवकांनी रोज नीट साफ केलं, त्यांच्यातल्या शंभरांपैकी ११ जणांना न्यूमोनिया झाला. ज्यांचं नेहमीप्रमाणे चाललं होतं, त्यांच्यातल्या १९ जणांना. तोंडातले जंतू लाळेबरोबर श्वासनलिकेत उतरतात, त्यातून हे होतं. स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यात माणूस बऱ्याचदा न्यूमोनियानेच जातो. तेव्हा ब्रश हातात घ्यायला एवढं कारण मला पुरतं.

आता ब्रश हातात घ्यायचा कसा, ते. इथे माझे दोन महिने गेले.

आत्यांनी पन्नास वर्षं मशेरी लावली. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, पितळेच्या डबीत भरायची. पहाटे ओट्यावर बसायचं, शेजारी पाण्याचा तांब्या. डबी उघडून उजव्या हाताची तर्जनी बुडवायची आणि हिरड्यांवरून फिरवत राहायचं, अर्धा अर्धा तास. त्या बोटाच्या पेरावर अजून काळपट डाग आहे. थोरल्या मुलाचं नाव गेलं, माझं नाव गेलं, पण पहाटे 'माजी डबी कुठं ठेवलीस गं?' हे गेलं नाही. मशेरी म्हणजे तंबाखूच आहे, दात साफ करायची वस्तू नव्हे. हिरड्या खाली सरकतात, तोंडाचा कर्करोग होतो. पण म्हाताऱ्या माणसाची पन्नास वर्षांची तंबाखू एका दिवसात बंद केली की चिडचिड, अस्वस्थपणा होतो. आम्ही डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी केली. दोन महिने लागले.

तोपर्यंत मी त्यांना बेसिनपाशी नेऊन, आरशासमोर उभं करून, मागून हात घालून ब्रश करायला बघत होते. आरशात दिसणाऱ्या बाईला त्या घाबरायच्या, 'ती कोण बगतीया?' म्हणायच्या. मला ढकलायच्या. एकदा चावल्याही. मग एका सकाळी ओटा झाडताना सुचलं, की यांचं तोंड धुणं बेसिनपाशी कधी झालंच नाही. दुसऱ्या दिवशी ओट्यावर पाट ठेवला, तांब्या भरून ठेवला, आणि स्वच्छ घासलेल्या डबीत हरभऱ्याएवढी फ्लोराइडची टूथपेस्ट घालून डबी हातात दिली. आत्यांनी झाकण उघडलं, बोट बुडवलं आणि हिरड्यांवरून फिरवायला लागल्या. मी समोर बसून माझ्या तोंडात ब्रश फिरवत होते. थोड्या वेळाने त्यांच्या हातात दुसरा ब्रश दिला. घेतला.

तुमच्या माणसाची डबी वेगळी असेल. बाभळीची काडी असेल, राखुंडी असेल, लाल मंजन असेल, अंघोळीआधी की चहाआधी, उभ्याने की उकिडवं बसून, हे सगळं घरच्या जुन्या माणसांना विचारून घ्या. राख आणि मीठ परत तोंडात घालू नका, त्याने दात झिजतात. पण ती जागा, तो तांब्या, ती वेळ वापरा. अंगात भिनलेली सवय शब्दांपेक्षा जास्त टिकते. 'दात घासा' हे वाक्य त्यांना कळत नसेल, पण तांब्या कळतो.

बसवायचं समोर, तुमचे डोळे त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर. मागून किंवा डोक्यावर उभं राहून हात घातला तर कुणीही घाबरेल. आरशाला बिचकत असतील तर कापड टाका. एका वेळी एकच गोष्ट सांगा: 'आत्या, ब्रश धरा.' धरला की मग, 'तोंडात.' स्वतः करून दाखवा. हात थांबला तर त्यांच्या हातावर तुमचा हात ठेवून ब्रश चालू ठेवा, धरलेला राहू दे त्यांच्याच हातात. मोकळा हात तुम्हाला ढकलत असेल तर त्या हातात काहीतरी द्या. आत्यांना मी डबी देते, कुणाला जपमाळ चालेल, कुणाला रुमाल. मी हळू आवाजात ओव्या म्हणते, त्यांनी शिकवलेल्याच. दोन ओव्यांत खालचे दात होतात.

ब्रश मऊ आणि लहान डोक्याचा, लहान मुलांचा चालतो. मूठ वळत नसेल तर दांडीला जुन्या सुती कापडाची पट्टी गुंडाळून दोऱ्याने बांधा. दात आणि हिरडी जिथे मिळतात तिथे ब्रश तिरका धरून हळू फिरवा, कीड आणि सूज तिथूनच सुरू होते. समोरच्या दातांपासून सुरुवात करा, दाढा मागून. खालच्या दातांची आतली बाजू बहुतेक राहून जाते. पेस्ट हरभऱ्याएवढीच, फ्लोराइड असलेली, डब्यावर १००० पीपीएमच्या आसपास लिहिलेलं असतं. थुंकता येत असेल तर थुंकू दे, भरपूर पाण्याने खळखळून धुवायची गरज नाही. थोडं फ्लोराइड दातांवर राहिलेलं चांगलं.

नको म्हणाल्या तर नको. ब्रश खाली ठेवा, वीस मिनिटांनी दुसऱ्या निमित्ताने या. जबरदस्तीने जबडा उघडला तर पुढचे आठ दिवस ब्रश दिसताच तोंड मिटेल, हे मी भोगलंय. सकाळी वरचे, संध्याकाळी खालचे, असं वाटून घेतलं तरी चालतं. एखादी वेळ सुटली तर सकाळची सुटू दे, रात्रीची नको, कारण झोपेत लाळ कमी होते आणि जंतूंना रान मोकळं मिळतं. आत्या दिवेलागणीनंतर अस्वस्थ होतात, 'घरी जायचंय' म्हणतात. म्हणून त्यांचं रात्रीचं जेवण मी सातलाच आटोपते आणि लगेच तोंड करून घेते.

कवळीचं थोडक्यात. रात्री काढायचीच. जपानमध्येच ८५ वर्षांपुढच्या लोकांत पाहिलं गेलं, की कवळी घालून झोपणाऱ्यांमध्ये न्यूमोनिया सुमारे दुपटीने होता. धुताना खाली पाण्याचं भांडं किंवा दुमडलेला टॉवेल ठेवा, निसटली तर फुटते. साधा साबण आणि मऊ ब्रश. टूथपेस्टने तिला ओरखडे पडतात. उकळतं पाणी अजिबात नको, आकार बिघडतो. रात्रभर साध्या पाण्यात. डॉक्टरांकडून तिच्यावर नाव कोरून घ्या, दवाखान्यात दाखल व्हायची वेळ आली की कवळ्या हरवतात. घरात हरवली तर आधी उशीचा अभ्रा, मग उष्ट्या ताटाचा कचरा. आत्यांची पदराच्या गाठीत सापडली होती, पैसे बांधतात तशी बांधून ठेवलेली.

तोंड कोरडं पडतंय का तेही बघा. जीभ टाळूला चिकटते, भाकरीचा घास फिरत नाही, ओठांच्या कडा फाटतात. बऱ्याचदा कारण गोळ्या असतात: लघवी आवरायच्या, सर्दी-ॲलर्जीच्या, झोपेसाठी किंवा नैराश्यासाठी दिलेल्या काही जुन्या गोळ्या. यांतल्या काहींनी डोक्यातला गोंधळही वाढतो. स्वतः बंद करू नका, सगळी पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा आणि विचारा की यांतली कुठली कमी करता येईल. मधल्या काळात थोडं थोडं पाणी. लिंबाने तोंड पुसायची पद्धत आहे, ती सोडा, कोरडेपणा वाढतो आणि दात झिजतात. आणि गप्प बसवायला म्हणून हातात बिस्किट, पेढा, गूळ देऊ नका. गोड द्यायचं तर जेवणाबरोबर. जेवण झालं की गालफडं तपासा, आत्यांच्या गालात भाताचा गोळा तासभर राहिलेला मी पाहिलाय.

दातांच्या डॉक्टरांकडे जायची सगळ्यात चांगली वेळ म्हणजे निदान झालं त्याच महिन्यात. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, म्हणून मी सांगते. तेव्हा माणूस खुर्चीत बसू शकतो, 'आ' करा म्हटलं की करतो, काय करायचं यावर स्वतःचं मत देतो. किडलेलं भरून घ्यायचं, वाचणार नाही ते काढायचं, कवळी करायची ती तेव्हाच करायची. आजार पुढे गेल्यावर नवी कवळी तोंडात ठेवायला शिकणं जमत नाही, जुनीच दुरुस्त करून घेतलेली बरी. सकाळची वेळ मागा. घरी नेहमीच्या सवयीचा एक माणूस असतो, तोच बरोबर जाऊ दे. गर्दी असेल तर नंबर येईपर्यंत बाहेर गाडीत बसा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, आणि हाडं ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एकदा इंजेक्शन घेतलंय का, हे दात काढायच्या आधी नक्की सांगा. त्या इंजेक्शनांनंतर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. ब्रश नीट होत नसेल तर फ्लोराइडचा लेप देता येईल का, तेही विचारा. खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं आणि गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय आहेत.

या पौषापासून आत्या अंथरुणावर आहेत, ओट्यापर्यंत येत नाहीत. आता उशा लावून त्यांना बसतं करते, मान थोडी एका कुशीला, हनुवटीखाली टॉवेल. तांब्यात ब्रश बुडवून झटकते, पेस्ट नुसती पुसट लावते, आणि फेस ओल्या गॉझने पुसून घेते. चूळ भरायला पाणी देत नाही, ठसका लागतो. ब्रश दातांत पकडला तर ओढत नाही, गालावरून हात फिरवत थांबते, सोडतात. शेवटी ओठांना थोडं तूप. भरवल्यावर अर्धा तास आडवं करत नाही. 'तोंड उघडा' त्यांना कळत नाही आता. मी माझं उघडते, त्या बघत राहतात, आणि मग त्यांचं उघडतं.

डबी उशाशीच आहे. ब्रश सुरू करायच्या आधी ती त्यांच्या डाव्या हातात देते. झाकण काढायचं त्या विसरल्यात, पण अंगठा बरोबर झाकणाच्या कडेवर जातो.